बाबा, खुर्चीत बसून प्रार्थना करा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, आधी काय रागवायचं ते रागवून घ्या. उपास-प्रार्थनेच्या यादीतून तुमचं नाव काढायला मी पाळकसाहेबांना सांगितलंय. तुम्हाला विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाला असता, आणि गुड फ्रायडेला झालं ते पुन्हा नको. साखरेची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर उतरते, हात कापतात, दरदरून घाम फुटतो. एलीया संदेष्टा थकून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश नाही केला. झोपू दिलं, दोनदा उठवून खायला लावलं, मग कुठे तो चाळीस दिवसांच्या वाटेला लागला. उपास करायचाच तर टीव्हीचा करा.

गुडघे टेकणंही बंद. बराच वेळ टेकून एकदम उठलं की रक्त पायांत राहतं, दाब उतरतो, अंधारी येते. दानिएल गुडघे टेकायचा, मान्य. पण दावीद राजा परमेश्वरासमोर बसला आणि बसूनच बोलला. पवित्र शास्त्रात 2 शमुवेल 7:18 काढून बघा. हातांची खुर्ची घ्या, पाठीला उशी, पाय जमिनीला टेकलेले. उठायच्या आधी मिनिटभर कडेला सरकून बसायचं.

आई, मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र पाठवलंय. जुनं टाक असं कुणी म्हणत नाही, तुझ्या चिठ्ठ्या आहेत तशाच राहू देत त्यात. स्तोत्रं 150, रोज पाच म्हणजे महिन्याची. तारखेत तीस-तीस मिळवत जायचं: बारा तारखेला 12, 42, 72, 102, 132. एकोणतीसला 119वं येतं, 176 वचनांचं, आणि तिथेच सगळ्यांचा नेम मोडतो. ते वेगळं काढ. आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, रोज एक. डोळे शिणले तर पाचातलं एकच, पण मोठ्याने, एक ओळ तू, एक बाबा. मन लागत नाही म्हणून बंद करू नकोस ग. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

आणि बाबा, रात्रीच्या तुमच्या विनंत्या म्हणजे काळज्यांची उजळणी. अंथरुणावर एकेक नाव घेतलं की त्याचं कर्ज, तिचं लग्न, माझी नोकरी, सगळं डोक्यात फिरायला लागतं आणि झोप जाते. ती यादी सकाळी, न्याहारी झाल्यावर. फिलिप्पैकरांस 4:6 मध्ये विनंतीला आभाराची जोड आहे, म्हणून प्रत्येक नावामागे आधी एक आभार. रात्री फक्त चौथं स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, सावकाश. मी तुमच्या मांडीवर अर्ध्यातच झोपायचे ना, तसा डोळा लागला तर लागू दे. आमेन राहिलं म्हणून उठून बसू नका!

पाळकसाहेबांवर चिडू नका, त्यांचा काही दोष नाही. चिडायचं तर मला फोन करा, पण जेवून.

तुमचीच,
बाळी