काकाने गादी घेतली, राणी उरली

संपादक साहेब,

हल्ली घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक सोसायटीत पोरी कोरियन सिरियल बघत बसतात, पण कोरियाच्याच जोंगसून राणीचं नाव विचारलं तर कोणालाच माहीत नसतं, म्हणून हे पत्र. 1454 साली तिचं लग्न तिथल्या दानजोंग राजाशी झालं, दोघंही जेमतेम बारा-चौदाची, आणि पुढच्याच वर्षी सख्ख्या काकाने, म्हणजे सेजोने, पुतण्याची गादी काढून घेतली. आपल्याकडे नारायणराव पेशवे आठवतातच! 1457 मध्ये दानजोंगला योंगवोलला हद्दपार करून तिथेच संपवलं. ती मात्र 1521 पर्यंत जगली, म्हणजे नवऱ्यामागे तब्बल 64 वर्षं, सोलच्या पूर्व वेशीबाहेर, कापड जांभळं रंगवून पोट भरत. तिला चोरून भाजी देता यावी म्हणून बायकांनी पुरुषांना मज्जाव असलेला बाजारच भरवला असं तिथले लोक सांगतात, खरंखोटं असो, मला हाच भाग सगळ्यात आवडतो. राणीचा मान परत मिळाला तो थेट 1698 मध्ये, आणि समाधी आजही नवऱ्यापासून लांब, नामयांगजूला. रविवारच्या पुरवणीत हिरो-हिरॉइनचे फोटो कमी करून अशा बायकांवर एखादं पान द्या की.

– एक वाचक, ठाणे (प.)