सोनूस, कालच्या फोननंतर

प्रिय सोनू,

काल तू फोन ठेवलास त्यानंतर मी परत लावला नाही, पप्पा म्हणाले राहू दे, थोडा वेळ दे तिला. म्हणून लिहितेय. आधी एकच विचारते आणि मग परत विचारणार नाही, जेवतेस ना? सॅमचा मेसेज आला होता की दोन घास खाऊन उठली.

रिपोर्टबद्दल मी काही बोलत नाही. पुढची ट्रीटमेंट करायची की थांबायचं हे तुमचं दोघांचं, आमच्याकडून काही प्रेशर नाही, आणि मायाआत्याचं मनावर घेऊ नकोस, ती काय बोलते ते तिचं तिलाच कळत नाही. पण तू ते जे बोललीस ना, "मम्मी बाळ होईपर्यंत माझं आयुष्य सुरूच होणार नाहीये", ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. खरं सांगू, रिपोर्टपेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

बायबलमधल्या हन्नाची गोष्ट सांगू नकोस म्हणालीस. कळतं गं मला. मंडळीत जो तो तुला तेच ऐकवतो, हन्नाने प्रार्थना केली, शमुवेल झाला, देवाची स्तुती असो. जसा काही देवाकडे फॉर्म भरला की नंबर लागतो. मग ज्यांना नाही झालं त्यांनी काय प्रार्थना कमी केली होती? मलाही चीड येते त्याची. पण तरी सांगतेच, कारण लोक जिथे थांबतात तिथे मला थांबायचंच नाहीये. 1 शमुवेल, पहिला अध्याय, 18वं वचन. आधी ती रडतेय, जेवत नाहीये, नवरा विचारतोय मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का (सॅमने असलं काही विचारलं तर त्याला माफ कर, पुरुषांना असंच सुचतं). मग ती मंदिरात जाऊन सगळं मन ओतते, उठते, जेवते, आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. तेव्हा पोटात बाळ नव्हतं. पनिन्ना, नवऱ्याची दुसरी बायको, तशीच टोचायला बसलेली. एली याजकाने आशीर्वाद दिला होता हे मान्य, पण हातात अजून काहीच आलं नव्हतं, आणि ती जेवली. मला तिचं ते जेवण शमुवेलापेक्षा मोठं वाटतं.

आणि एली म्हटलं की मला तूच दिसतेस, संडे स्कूलच्या नाटकात, कापसाची दाढी एका कानावरून सुटलेली. "शांतीने जा" म्हणायचं होतं आणि तू विसरलीस, आणि हन्ना झालेल्या त्या मुलीला म्हणालीस, "जा आता, जेवून घे." अख्खं चर्च हसलं, पाळकसाहेब खुर्चीतून पडायचे बाकी होते. तू मात्र गंभीर. मी इतकी फुगले होते ना तेव्हा, आजूबाजूच्यांना सांगत होते, ती माझी. अजून सांगते.

तर मुद्दा काय होता. हो, लेआ, याकोबाची नावडती बायको. उत्पत्तीचा 29वा अध्याय आठवतो का? तिला मुलं होतात गं, एकामागून एक. रऊबेन झाला, म्हणते आता नवरा माझ्यावर प्रेम करेल. शिमोन झाला, लेवी झाला, म्हणते आता तरी तो मला धरून राहील. म्हणजे जे तिच्या बहिणीला, त्याच्या लाडक्या राहेलला, मरणाइतकं हवं होतं ते हिच्या मांडीवर, आणि ही तशीच उपाशी. चौथ्या वेळी, यहूदाच्या वेळी, नवऱ्याचं नावच घेत नाही, म्हणते आता मी परमेश्वराचं स्तवन करीन. पुढच्याच अध्यायात परत बहिणीशी स्पर्धा सुरू, तेही आहेच. एकदा कळलं म्हणजे कायमचं कळलं असं कुणाचंच होत नाही, माझंही नाही. पप्पांचं काम गेलं होतं तेव्हा मला वाटायचं काम लागलं की मी सुखाने झोपेन. काम लागलं. थोडे दिवस झोपले, मग तुझ्या शाळेची काळजी सुरू झाली, मग नानीची.

बाळाची इच्छा सोड असं मी म्हणत नाहीये हं. माग, रोज माग, ओरडून माग, भांड देवाशी. प्रेषित पौलानेही त्याला छळणारा तो शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितलं होतं. निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. मला हे वचन तरुणपणी फार कोरडं वाटायचं, अगदी नकारावर गोड शब्द लावल्यासारखं. आता वाटतं की देवाने काही वस्तू न देता स्वतःच देऊ केला त्याला, आणि पौलाला ते पुरलं. तुला आज पुरत नसेल तर पुरत नाही म्हण, खोटं हसू नकोस. फक्त तुझं आयुष्य त्या रिपोर्टच्या हातात देऊ नकोस, तो कागद आहे, त्याने तुला निर्माण नाही केलं.

बघ, लेक्चर झालंच. सॉरी. तू फोनवर असतीस तर "मम्मी पुरे" म्हणाली असतीस, पत्राचा मी फायदा घेतला. आणि माझा विश्वास फार मोठा आहे म्हणून लिहितेय असंही नाही. तुझ्यासाठी प्रार्थनेला बसते तेव्हा मधेच देवाला सोडून तुझ्या जेवणाचाच विचार करत बसते. विचारणार नव्हते ना परत. बरं.

पप्पा येत्या रविवारी उपासनेनंतर तुझ्याकडे निघतो म्हणतायत, मी थांबवून ठेवलंय. यायचं की नाही ते तू सांग, नको म्हणालीस तरी चालेल, फक्त त्यांना स्वतः सांग, माझं ते ऐकत नाहीत.

तुझी,
मम्मी