लॅक्रॉससाठी एक भिंत हवी

महोदय,

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ, आहे, म्हणून मुलांना त्यात उतरवू पाहणाऱ्या पालकांसाठी हे पत्र. नुसत्या खेळावर घर चालवणे अमेरिकेतही कठीण आहे. तिथले अनेक व्यावसायिक खेळाडू उन्हाळ्यात मैदानी, हिवाळ्यात बंदिस्त लीग खेळतात आणि जोडीला नोकरी किंवा प्रशिक्षण करतात.

ऑलिंपिकच्या 'सिक्सेस' प्रकारात सहा-सहा खेळाडू, ८ मिनिटांची ४ सत्रे आणि गोलाच्या प्रयत्नाला जेमतेम ३० सेकंद. साहजिकच प्रत्येकाला चढाई आणि बचाव दोन्ही यावे लागतात. मुले उजव्याच हाताने फेकत राहतात, मग बचावपटू नेमकी तीच बाजू दाबतो. डावा हात भिंतीवर चेंडू मारूनच तयार होतो.

आपल्या पावसात काठीची जाळी भिजून सैल पडते, खोलगट होते. चेंडू उशिरा सुटतो, समोरच्याच्या पायाशी आपटतो आणि बोल मात्र मनगटाला लागतो. जाळी सावलीत वाळवावी, तळाची दोरी ताणावी. गुळगुळीत झालेला चेंडू सरळ बाद करावा.

पण टणक रबरी चेंडू सोसायटीच्या भिंतीवर कोण मारू देईल? नवी मुंबई महापालिकेने एखाद्या मैदानाच्या कडेला तीन मीटर उंच काँक्रीटची भिंत आणि वर जाळी उभारावी, ही विनंती.

– एक लॅक्रॉस प्रशिक्षक, नेरुळ