विक्या, दुपारची इमेज बघायला ये

प्रिय विक्या,

काल दुपारी आपल्या एमआरआय मशीनच्या स्क्रीनवर एकाच्या जागी दोन केळी दिसली आणि पहिला तूच आठवलास. इथे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, दोन तर दोन, खाऊन टाक ना भो.

आई बरी आहे, गुडघे तसेच. जळगावात पारा ४४ च्या वर आणि आपली सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

चुंबक तेच, निओडायमियमच्या ठोकळ्यांची हाल्बाख रिंग (ठोकळे असे फिरवून लावलेले की चुंबकीय फील्ड आतल्या पोकळीत एकवटतं), ५० मिलिटेस्ला. हायड्रोजनचा सिग्नल एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपला सिग्नल २.१३ च्या आसपास. होस्टेलच्या गच्चीवर तू रात्रभर भांडला होतास की हेलियमशिवाय एमआरआय होतच नाही, आता बोल! पण ठोकळे एक डिग्री तापले की फील्ड साधारण ०.१ टक्का उतरतं, म्हणजे फ्रिक्वेन्सी दोन किलोहर्ट्झहून जास्त खाली सरकते. चुंबक सकाळपासून दुपारपर्यंत दहा डिग्री चढलं की वीसेक किलोहर्ट्झ गेले, आणि रिसीव्हरची बँडविड्थच तेवढी.

म्हणून फ्रिक्वेन्सीचं ट्रॅकिंग टाकलंय. इमेजचा डेटा एकेक लाइन करून गोळा होतो, तर दर दोन लाइनींनंतर छोटा पल्स मारायचा, फ्रिक्वेन्सी मोजायची, नवा आकडा बोर्डाला द्यायचा. सकाळी इमेज इतकी स्वच्छ येते की केळाची सालसुद्धा वेगळी दिसते, दुपारी मात्र त्याच केळाच्या बाजूला दुसरं फिकट केळ, फेज एन्कोडच्या दिशेला (ज्या दिशेची जागा लाइनी-लाइनींमधल्या फेजच्या, म्हणजे लहरीच्या टप्प्याच्या, फरकावरून कळते ती), इमेजच्या बरोब्बर अर्ध्या अंतरावर. ग्रेडियंट अँप्लिफायरवर संशय घेऊ नकोस, अँप्लिफायर लिनियर हवा की स्विचिंग ही तुझी जुनी टेप मला पाठ आहे. स्कोप लावून बघितलं. नवा आकडा पल्स पाठवणाऱ्या ट्रान्समिटच्या ऑसिलेटरला आधी पोचतो, सिग्नल ऐकणाऱ्या रिसीव्हच्या जरासा नंतर. तेवढ्या वेळात दोघं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर पळतात आणि जो फेजचा फरक पडतो तो तसाच राहतो, पुढच्या आकड्याला त्यात अजून भर. दर दोन लाइनींनी एक पायरी. सकाळी आकडा फारसा हलतच नाही म्हणून काही दिसत नाही.

खरी काळजी पुढे आहे. डॉक्टरांनी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, मशीन बघायला पाहुणे बोलावलेत, म्हणतात सकाळी आठला दाखवून मोकळे होऊ, नाहीतर एसी बसवून टाकू. अरे, हे मशीन नंदुरबारच्या डोंगरात धडगाव, अक्कलकुव्याकडे जावं म्हणून तर आपण एवढा जीव काढतोय. तिथे भर दुपारी लाइट गेली की कंट्रोलर यूपीएसवर चालेल, एसी कशावर चालवणार? आणि केळाचं भूत आपल्याला ओळखू येतं कारण केळ एकच ठेवलं होतं हे माहीत आहे. उद्या कोणाचं मनगट असेल आत, त्याच्या कातडीच्या कडेचं भूत हाडावर जाऊन पडलं आणि वाचणाऱ्याला ती फ्रॅक्चरची रेघ वाटली तर? झोप लागत नाही विक्या. नाना म्हणतो फिल्टर मारून फिकट कर. फिकट केलं तर जास्तच वाईट, ओळखूही येणार नाही.

उपाय माझ्या मते एकच. ट्रान्समिट आणि रिसीव्हचे दोन्ही आकडे एफपीजीएत, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये, आधी भरून ठेवायचे, एकाच क्लॉकवर दोन्ही ऑसिलेटरना एकदम सोडायचे आणि प्रत्येक लाइनच्या सुरुवातीला दोघांची फेज शून्य करायची. पीसीच्या भरवशावर हे होणार नाही, तो कधी एक मिलिसेकंद लावतो कधी दहा. पण मग सिक्वेन्सरचा, म्हणजे पल्सची वेळ सांभाळणाऱ्या कोडचा, तो भाग नव्याने लिहायचा म्हणजे गेटिंगही परत तपासणं आलं, ट्रान्समिट चालू असताना रिसीव्हर बंद आहे ना ते. कॉइलवर शेकडो व्होल्ट आणि परत येतात मायक्रोव्होल्ट, तिथे टायमिंग चुकलं की रिसीव्हरच्या तोंडाचा प्रीअँप गेला. आखाजीच्या आधी एकट्याकडून होत नाही. कापसाच्या जिनिंगचा सीझन संपला म्हणून त्या मोटारींचा सिग्नलमधला नॉइज तरी शांत आहे.

मी डॉक्टरांना स्पष्ट सांगणार आहे, डेमो दुपारी दोनला होईल नाहीतर होणार नाही. चिडतील. चिडू देत.

तुझं प्रमोशन झालं का? वहिनींची बदली कुठे झाली? पिंट्याला दहावीचं टेन्शन देऊ नकोस, तू किती दिवे लावले होतेस ते मी सांगीन त्याला.

आखाजीला ये. आई खापरावरची पुरणपोळी करणार आहे. स्कोपचे चांगले प्रोब आण, आमचे खराब झालेत, आणि येण्याआधी कोड पाठवतो तो बघून ठेव, विशेषतः फेज शून्य करणारा रिसेट कुठे द्यायचा ते. पल्सच्या आधी दिला तर तुला काही अडचण दिसते का?

तुझा,
संज्या