कचऱ्याचे मोजमाप दारातच हवे

महोदय,

ओला-सुका कचरा वेगळा करण्याच्या मोहिमांच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. त्यांतले आकडे साधारण ठरलेले असतात: इतक्या सोसायट्यांत सभा झाल्या, इतके हिरवे-निळे डबे वाटले, इतक्या रहिवाशांनी शपथ घेतली. मोहीम चालवणाऱ्यांनी किती धावपळ केली हे त्यावरून कळते. रहिवाशांची सवय बदलली का, हे कळत नाही. डबा वाटला म्हणजे तो कचऱ्यासाठीच वापरला जातो असे नाही. पाणीकपातीच्या दिवसांत झाकणाचा नवा डबा कशाला उपयोगी पडतो, हे मुंबईकराला सांगायला नको.

मग लोकांनाच विचारावे, तर 'तुम्ही कचरा वेगळा करता का?' या प्रश्नाला दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला 'नाही' म्हणणारा विरळा. यात खोटेपणापेक्षा भीड अधिक असते, आणि आठवणही दगा देते. अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांनी १९७३ पासून टूसॉन शहरात घरांचा कचरा उपसून तो माणसांच्या सांगण्याशी ताडून पाहिला. लोक सांगत होते त्याहून कितीतरी जास्त बिअरचे रिकामे डबे-बाटल्या कचऱ्यात निघाल्या. प्रश्नावली भरून घ्यायचीच असेल तर एका कालच्या दिवसापुरते, नेमके विचारावे: भाजीची देठे कशात टाकली, दुधाची पिशवी धुतली का, ती आत्ता कुठे आहे? आणि काही घरांत तरी उत्तर डब्याशी ताडून पाहावे.

वजनकाटा थेट फाटकाशी ठेवणे ही त्यापुढची नेहमीची चूक. अनेक इमारतींत सफाई कामगार मजल्यामजल्यावरून कचरा खाली आणतो आणि जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात बसून हाताने निवडतो. गाडीत ओला आणि सुका वेगळा चढतो, सोसायटीच्या नावावर 'शंभर टक्के वर्गीकरण' लागते, पण ते वर्गीकरण त्या कामगाराचे असते. तो चार दिवस गावी गेला की आकडा कोसळतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करायला सांगितले. पार्किंगच्या कोपऱ्यात कचरा तयार होत नाही. सुक्याचेही असेच. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या भंगारवाला आधीच नेतो. भंगाराचा भाव चढला की घरे पुठ्ठा जपून ठेवतात, सुका कचरा घटतो आणि श्रेय मोहिमेला जाते. म्हणून मोजायचे ते दारात, दुसऱ्याचा हात लागण्याआधी.

पद्धत अवघड नाही. पहिल्या सभेच्या निदान दोन आठवडे अगोदर, मोहिमेपूर्वीची स्थिती नोंदवायला घ्यावी. समितीची परवानगी घ्यावी, पण नेमके दिवस सूचनाफलकावर लावू नयेत. तपासणी आहे म्हटल्यावर तेवढ्या आठवड्यापुरते सगळेच शहाणे होतात. तरीही कुणकुण लागतेच, म्हणून पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी घ्याव्यात आणि हिशेबात धरू नयेत. त्यानंतरचे सात दिवस सलग हवेत, कारण माशांचे काटे आणि हॉटेलच्या पार्सलचे डबे घेऊन येणारा रविवार मंगळवारसारखा नसतो.

प्रत्येक दारातल्या डब्याला तीनपैकी एक गुण द्यावा. सगळे एकत्र असेल तर ०. दोन डबे आहेत, पण ओल्यात प्लास्टिक किंवा सुक्यात खरकटे आहे, तर १. दोन्ही स्वच्छ, तर २. वरवर पाहून ओल्या डब्यात दोनपेक्षा जास्त सुक्या वस्तू दिसल्या तर २ गुण नाहीत, अशी मर्यादा आधीच लिहून ठेवावी. घोटाळा होतो तो नेहमी सीमेवरच्या वस्तूंत: नारळाची करवंटी, तेल लागलेला वडापावचा कागद, विंचरलेले केस, टी-बॅग. यांचा निर्णय पहिल्याच दिवशी कागदावर हवा. मग दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच २० डब्यांना गुण द्यावेत. तीनपेक्षा जास्त डब्यांवर मतभेद झाला तर दोष माणसांचा नसून नियमाचा आहे, तो पुन्हा लिहावा. हिरव्या डब्यात गाठ मारून ठेवलेली काळी पिशवी दिसली तर ती न उघडता गुण देऊ नये. आणि ज्या कामगाराला किंवा मुकादमाला चांगल्या आकड्यावर बक्षीस मिळणार आहे, त्यालाच गुण द्यायला लावू नये. हे उघड आहे, तरी होते.

वजन घ्यायचे ते ५० किलोच्या, निदान १०० ग्रॅम दाखवणाऱ्या लटकत्या काट्यावर, रिकाम्या ड्रमचे वजन वजा करून. पावसात उघड्या ड्रमात साचलेले पाणी आधी ओतावे, नाहीतर जुलैत ओला कचरा 'वाढलेला' दिसतो. वजनाला भागायचे ते त्या आठवड्यात प्रत्यक्ष घरी असलेल्या माणसांच्या संख्येने, नोंदवहीतल्या सदस्यसंख्येने नव्हे. महिन्यातून एकदा मिश्र कचऱ्याची निवड करावी: ताडपत्रीवर पसरून फावड्याने एकजीव करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, आणि २५-३० किलो उरेपर्यंत हेच करायचे. उरलेल्यात ओला, विकता येण्याजोगा सुका, सॅनिटरी व घातक, आणि बाकीचा असे वेगळे करून तोलायचे. हे काम हातमोजे, गमबूट आणि वेगळा मोबदला दिल्याशिवाय कुणालाही सांगू नये.

सोसायटी खत करत असेल तर आणखी एक पडताळा फुकट मिळतो. ओल्या कचऱ्याच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खत म्हणून उरतो. रोज ५० किलो जिरवल्याचा दावा आहे आणि तीन महिन्यांत खताच्या जेमतेम चार गोण्या निघाल्या, तर उरलेला कचरा कुठे जातो हे रात्री मागच्या फाटकाशी जाऊन पाहावे. शेजारचे गटार आणि नाक्यावरची कचराकुंडी हीसुद्धा मोजणीची जागा आहे; डब्यातला कचरा कमी होऊन कोपऱ्यावरचा वाढला तर बदललेली गोष्ट फक्त पत्ता असते.

मुंबईचे पंचांग तर या मोजणीचा मोठाच शत्रू. मे महिन्यात एकीकडे आंब्याच्या कोयी आणि साली, दुसरीकडे गावी गेलेल्यांची कुलपे. १२० घरांपैकी ३० बंद असतील तर वजन चौथ्या हिश्श्याने आपोआप उतरते. गणपतीत चाकरमानी कोकणात जातो, आणि जो राहतो त्याच्याकडे निर्माल्य. श्रावणात काटे-हाडे कमी, दिवाळीआधी माळ्यावरची अडगळ बाहेर. मार्चमध्ये सुरू झालेल्या मोहिमेचे यश मे महिन्याच्या वजनाने सिद्ध करणे म्हणजे उन्हाळ्याचे श्रेय आपल्या नावावर लावणे. यावर उपाय एकच, तुलना. इमारतीला चार विंग असतील तर दोनमध्ये मोहीम आज सुरू करावी, दोनमध्ये दोन महिन्यांनी. कुलपे, आंबे, पाऊस सगळ्यांना सारखेच. फरक उरेल तो मोहिमेचा. कोणत्या दोन आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवावे. सगळ्यात घाण विंग आधी घेतली तर ती नुसत्या योगायोगानेही थोडी सुधारलेली दिसते, कारण तिला निवडताना तिचा सर्वांत वाईट आठवडा पाहिलेला असतो.

वस्तीत आणि चाळीत दाराचा डबा नसतो, तिथे गुण देण्याची ही रीत लागू पडत नाही. तिथे गाडी येण्याच्या वेळी, सकाळी तासभर उभे राहून किती माणसे दोन पिशव्या घेऊन आली आणि किती एक, एवढेच मोजावे. मुले कचरा टाकायला येतात त्यांची वेगळी रेघ मारावी. घरात वेगळा केलेला कचरा वाटेत एकत्र होतो तो अनेकदा त्यांच्या हातून.

खरी परीक्षा मोहीम संपल्यावरची. लकी ड्रॉ, ढाल, समाजमाध्यमांवरचे फोटो चालू असताना घेतलेला आकडा बक्षिसाचा असतो. शेवटचे बक्षीस दिल्यावर आठ आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने, तीच पद्धत, तेच नियम वापरून पुन्हा सात दिवस मोजावे. या वर्षभरानंतरच्या मोजणीसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवलेले फार कमी दिसतात, आणि ते नसतील तर 'सवय' हा शब्द अहवालात वापरू नये. तसेच वर्गीकरण आणि घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा कचरा चोख वेगळा करणारे घर पूर्वीइतकाच कचरा करत असू शकते. घट पाहायची तर दरडोई एकूण वजनासोबत मोजता येतील अशा चारदोन वस्तू धराव्यात: पार्सलचे प्लास्टिक डबे, पाण्याच्या बाटल्या, किराण्याच्या पातळ पिशव्या.

शेवटी आपल्या वार्ताहरांना एक विनंती. टक्केवारी हाती आली की छेद विचारावा. समजा, १२० घरांच्या सोसायटीत त्या दिवशी ९० घरांनी डबा बाहेर ठेवला आणि त्यातल्या ६३ घरांनी कचरा वेगळा केला. अहवालात ७० टक्के छापले जाते. सगळी घरे धरली तर ते ५२.५ टक्के होते. डबा न ठेवणाऱ्या ३० पैकी किती घरांना कुलूप होते आणि किती जणांनी पिशवी आधीच खाली फेकली, हे वेगळे विचारायला हवे. १२० पैकी नुसती ३० घरे चिठ्ठीने निवडून पाहिली असतील तर ६० टक्क्यांचा आकडा निवडीच्या योगायोगानेच १५ अंकांनी वर किंवा खाली, म्हणजे ४५ ते ७५ टक्क्यांत कुठेही असू शकतो, तेव्हा '६० वरून ७० वर' या बातमीत बातमी नाही. दर डब्याला अर्धा मिनिट धरला तर सगळी १२० घरे पाहायला एक तास लागतो.

— कचरा नोंदींचे काम करणारे काही वाचक, मुंबई