नोव्हेंबरची 31 तारीख

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगणार होते, पण बाबा लगेच फोन आईकडे देतात, आई रडते आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून पत्र. कुपवाडची नोकरी सोडली. महिना झाला. रोज सकाळी 'निघाले गं ऑफिसला' म्हणत होते, ते खोटं होतं. तेवढं पदरात घ्या.

कुणी काढलं नाही, घाबरू नका. शीतगृहातलं तापमानाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. बेदाणा 4 अंशाला ठेवला की रंग टिकतो, नाहीतर काळपट पडतो. दर दोन तासांनी आकडा टिपायचा. आमच्याकडे अख्ख्या आठवड्याचे आकडे शनिवारी चहाबरोबर एका बैठकीत भरायचे. एकदा रात्रभर वीज नव्हती, जनरेटरही बसला होता. तरी 4. विचारलं तर साहेब म्हणाले, "रजिस्टरला वीज लागते का?" वर शिकवलं, की सगळीकडे 4 नको, मधूनमधून 3.8, 4.1 टाक, पेन बदल. ऑडिटच्या आदल्या दिवशी तर पानावर चहाचा कप टेकवून डाग पाडला. मी हसले हो तेव्हा, खोटं कशाला बोलू!

मग एका शेतकऱ्याचा माल काळा पडला. सही माझी. साहेब म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत, कुणीतरी अंगावर घ्यायला हवं." मला कुटुंब आहे, म्हटलं, साताऱ्यात.

बाबा, तुम्ही कंडक्टर होतात तेव्हा रात्री पलंगावर चिल्लर मांडून तिकिटांच्या हिशेबाचं वे-बिल जुळवायचात आणि मी तिकिटांच्या पंचिंगचे गोल तुकडे डबीत भरायचे. दोन रुपये कमी पडले की खिशातून घालायचात, आईला कळू न देता. मी झोपलेली नसायचे.

एक तारखेपासून तासगावला लागते आहे. पगार चार हजारांनी कमी आहे, पण खोलीचं भाडं निघतं, मेसमध्ये भाकरी गरम मिळते, आई. खरंच.

आता तुमचं. संक्रांतीला बीपीची वही बघितली. 120/80, 118/78, 120/80. एकच पेन, एकच तिरकं अक्षर. मला आता लांबूनच ओळखू येतं. आणि बाबा, नोव्हेंबरच्या 31 तारखेलाही तुमचं बीपी 120/80 आहे!

उद्यापासून पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून मोजायचं. चहाच्या आधी. आकडा आईनं लिहायचा. उन्हाचं 'चार भिंती'च्या टेकडीवर चढायचं नाही. राजवाड्यावरून 'पाहुण्यांसाठी' येणारे कंदी पेढे बंद, पाहुणे कोण ते मला ठाऊक आहे. रागावू नका. 160 आला तर 160 लिहा, मी ओरडणार नाही.

थोडीशी ओरडेन.

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. वही वर काढून ठेवा. डाग पाडू नका.

तुमची,
चिमी