अपाचचे तीन हापसे दुरुस्त करायचे आहेत

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत कंपालाच्या मराठी मंडळातले आम्ही पाचजण उत्तरेला, करुमाला नाईल ओलांडून, युगांडातल्याच अपाच जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो होतो. डिकीत वह्या, रंगपेट्या आणि भिंत रंगवायचे डबे. पोचल्यावर तिथल्या बाईंनी आमच्यासाठी चहा टाकला. कपात आला तो शाईसारखा काळा-जांभळा. दूध घातल्यावर राखाडी झाला. आम्ही आपले समजलो, पत्ती जास्त पडली असेल. बाई हसल्या. म्हणाल्या, पत्ती तुमच्याच इथली आहे, पाणी बघा.

मग शाळेमागचा हापसा पाहिला. पहिले दोन-तीन जेरीकॅन विटेच्या रंगाचे. सकाळी वीस-पंचवीस जेरीकॅन उपसून फेकल्याशिवाय पाणी निवळत नाही, आणि निवळलं तरी जिभेला गंज लागतो तो लागतोच. त्या पाण्यात शिजवलेला घेवडा काळा पडतो, पोरांचे सदरे पिवळे पडतात. वैतागून लोकांनी हापसा सोडला आणि पुन्हा दलदलीकाठच्या खड्ड्याचं पाणी धरलं. जाऊन-येऊन सव्वा तास. वीस लिटरचा पिवळा जेरीकॅन डोक्यावर घेऊन जाणाऱ्यांत मुलीच जास्त, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या तासाला वर्गात कोण नसतं, हेही.

आम्ही ठरल्याप्रमाणे भिंत रंगवली, फोटो काढले आणि परतलो. महिन्याभराने बाईंनी व्हॉट्सअॅपवर त्याच भिंतीचा फोटो पाठवला. खालच्या तीन फुटांवर चिखलाचे हातच हात. हात धुवायला पाणी कुठंय? चूक आमची होती. गेल्यागेल्या विचारायला हवं होतं, ते आम्ही परतल्यावर विचारलं.

विचारल्यावर जे कळलं ते असं. हा हापसा इथे यू-टू म्हणून ओळखला जातो, पण तो मुळात इंडिया मार्क टू. आणि इंडिया मार्क टू म्हणजे कोण? आपल्या जालन्याचा आणि सोलापूरचा नातू! साठच्या दशकात आपल्याकडे दुष्काळी भागात बोअर मारले गेले, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हापसे एका घरापुरत्या वापराचे होते. गाव त्यावर तुटून पडलं की ते मोडायचे. जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादाचा दणकट हापसा बनवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू तयार झाला. आज आशिया-आफ्रिकेत गावोगावी तोच दिसतो. दांडा, साखळी, वरची पेटी, सगळं तेच. आमच्यातले एकजण मूळचे सोलापूरचे. त्यांनी दांडा धरून दोन हापसे मारले आणि म्हणाले, आमच्या वाड्यामागे हाच होता.

मग बिघडलं कुठे? हापशात नाही, त्याच्या पाइपात. इथलं जमिनीखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे. अशा पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप उतरवले की आधी मुलामा जातो, मग लोखंड गंजून पाण्यात उतरतं. पाण्याला लाली येते, चहातलं टॅनिन त्या लोखंडाशी जुळून चहा काळा करतं. पुढे पाइपाला भोकं पडतात, सळई तुटते, दांडा नुसताच हलतो. युगांडाच्या पाणी मंत्रालयाने २०१६ साली असे पाइप नव्याने किंवा दुरुस्तीत वापरणं थांबवलं. पण आधी जमिनीत गेलेले तिथेच आहेत, आणि ते उपसून बदलायचे तर पैसे लागतात. बोअर नवा मारायचा नाही. पाणी आहे, खोलीही आहे. जुने पाइप आणि सळया काढून प्लास्टिकचे पाइप, स्टेनलेसच्या सळया आणि नवं सिलिंडर बसवायचं, इतकंच.

शाळेसारखाच दुसरा हापसा जवळच्या हेल्थ सेंटरचा. तो तर पूर्ण बंद आहे. तिथे बाळंतपणं होतात. बाई येते ती आपलं मामा किट, म्हणजे बाळंतपणाचं सामान, घेऊन: प्लास्टिकची चादर, हातमोजे, ब्लेड, कापूस. सोबत आलेली जाऊ नाहीतर आई डोक्यावर जेरीकॅन घेऊन येते, कारण बाळ पुसायलाही पाणी घरूनच आणायचं. त्याच केंद्रातल्या फ्रीजमध्ये मलेरियाच्या आर२१ लशीच्या बाटल्या पाहिल्या. ती लस पुण्याच्या सीरममध्ये बनते आणि युगांडाने एप्रिल २०२५ मध्ये ती द्यायला सुरुवात केली ती याच अपाचमधून. उगाच नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या एका मोजणीत इथे एका माणसाला वर्षाला मलेरिया पसरवणारे १,५०० हून जास्त डास चावतात असं आढळलं होतं. लशीचे चार डोस पुण्याहून इथवर पोचतात, आणि ती देणाऱ्या नर्सबाईंना हात धुवायला पाणी नाही.

तिसरा हापसा वस्तीवरचा. तिथे गावच्या आरोग्य स्वयंसेविका भेटल्या. त्यांना इथे व्हीएचटी म्हणतात. आपल्या आशाताईच समजा, फक्त मानधनाचा पत्ता नाही. त्या म्हणाल्या, पोराला जुलाब झाले की मी ओआरएसची पुडी देते, पण आई ती कालवणार कशात? त्याच खड्ड्यातल्या पाण्यात.

आता हिशोब. एका हापशाला पाइप, सळया, सिलिंडर, वाहतूक आणि मेकॅनिकची मजुरी धरून साधारण ७५ लाख शिलिंग लागतील, म्हणजे आजच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. तिन्हींचे मिळून २ कोटी २५ लाख शिलिंग. गणेशोत्सवाच्या जेवणातून आणि सभासदांकडून ८० लाख जमले आहेत. तिन्ही गावांच्या पाणी समित्यांनी घरटी महिना हजार शिलिंग गोळा करून ६ लाख दिले. ज्वारी-तीळ विकून आलेल्या पैशातले ते सहा लाख आहेत, आमच्या ८० लाखांपेक्षा ते मोठे वाटतात. उरले १ कोटी ३९ लाख. ते आपल्याकडे मागतो आहोत.

कंपालातल्यांनी खजिनदारांकडे रोख किंवा मोबाइल मनीने द्यावेत, पावती लगेच मिळेल. महाराष्ट्रातून पाठवणाऱ्यांनी आपल्या बँकेत एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, विचारावं. या देणगीवर ८०जीची आयकर सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर रुसवा नको. रक्कम लहान असली तरी चालेल. बँकेचं शुल्क फार जात असेल तर चार नातेवाइकांनी मिळून एकदाच पाठवा.

जुने कपडे मात्र पाठवू नका. जुन्या कपड्यांचे ढीग इथल्या प्रत्येक बाजारात आहेत. आपल्या बोर्डाची पुस्तकंही नकोत. इथे पहिले तीन वर्ग मातृभाषेत, म्हणजे लांगोत शिकतात आणि पुढे इंग्रजीत, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा आहे. वह्या-रंगपेट्यांचं आमचं आम्ही बघू.

पाइप बदलण्याचं काम जिल्ह्यातले हापसा मेकॅनिकच करतील. आम्ही फक्त बिलं भरणार. पैसे आले की प्रत्येक हापशाचं बिल आणि काढलेल्या जुन्या पाइपांचे फोटो सगळ्यांना पाठवू. दुरुस्तीनंतरचा खर्च पाणी समिती तिच्या महिन्याच्या वर्गणीतून करेल, आणि त्यासाठी दोन तरुणांना, त्यांतली एक मुलगी, वायसर बदलण्यापासून साखळीला ग्रीस लावण्यापर्यंतचं शिकवून घेण्याचं ठरलं आहे.

काम जानेवारीत करायचं आहे. तेव्हा कोरडा हंगाम असतो, रस्ते धड असतात आणि फेब्रुवारीत शाळा उघडायच्या आत हापसा चालू होईल. त्यामुळे रक्कम १५ डिसेंबरपर्यंत आली तर बरं. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला गाडी निघेल. तीन जागा रिकाम्या आहेत. जुने पाइप ओढायला माणसं लागतात, तेव्हा येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावं. बाईंनी चहाला बोलावलंय, पत्ती आपण नेऊ.

आपली,
कार्यकारिणी, मराठी मंडळ, कंपाला